पहिला महागडा फाउंटन पेन: दुकानापासून पहिल्या महिन्यापर्यंत काय काय बघायचं

महागडा फाउंटन पेन घरी आला की पहिल्या अर्ध्या तासात माणूस काहीतरी ठरवून मोकळा होतो. एकतर "वा, पैसे वसूल", नाहीतर "एवढे पैसे घातले आणि हा तर शाळेतल्या पेनसारखाच चालतोय की". दोन्हीची घाई नको, कारण त्या अर्ध्या तासात तुम्ही नुसता पेन बघतच नसता, निब, शाई, कागद आणि बॉलपेनने दाबून लिहायची सवय लागलेला स्वतःचा हात हे सगळं एकदम बघत असता आणि नाव मात्र पेनचं घेता. म्हणून हे चारही वेगळे करून एकेक तपासायचे, बाकी पुढचा सगळा लेख म्हणजे ते कसं करायचं एवढंच.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, माझ्याकडे पायलटचा कस्टम ८२३ आहे, जपानी, १४ कॅरेट सोन्याची निब, फाइन. त्याआधी बरीच वर्षं स्टीलच्या निबवाले साधे पेन वापरलेत आणि अजूनही वापरतो. ओळखीतले लोक "कुठला घेऊ" आणि मग महिनाभराने "घेतला पण अडतोय रे" असं विचारत असतात, त्यांना तेच तेच सांगून झालं म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. महागडा म्हणजे इथे पाच आकडी किंमत आणि सोन्याची निब असं धरा.

१. निघायच्या आधी

आपल्याकडे राम मारुती रोड, गोखले रोडला स्टेशनरीची दुकानं आहेत, मॉलमध्येही पेन मिळतात, पण चार-पाच सोन्याच्या निबचे पेन शेजारी शेजारी ठेवून बघायचे असतील तर सरळ सीएसएमटीची फास्ट लोकल पकडून फोर्ट गाठा. जायच्या आधी फोन करून विचारा की अमुक मॉडेल अमुक निबमध्ये आत्ता दुकानात आहे का. "या, बघू" हे उत्तर म्हणजे नाहीये असं समजायचं.

हात हलवत जाऊ नका. बरोबर घ्या:

- रोज ज्यात लिहिता ती वही किंवा लाँग बुक. दुकानात टेस्टला जो गुळगुळीत कागद देतात त्यावर कुठलाही पेन छानच चालतो
- आत्ता वापरता तो पेन, रेघेची जाडी शेजारी ठेवून बघायला
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार आणि घड्याळजी वापरतात तसलं, फार महाग नसतं
- जुना मऊ सुती रुमाल

आणि परत येताना हे हातात हवंच:

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं नाव आणि निबचं माप लिहिलेलं
- वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का आणि तारीख मारून
- बॉक्स, बाहेरच्या पुठ्ठ्यासकट

बॉक्सवरचा स्टिकर वाचा. बाहेरून आयात केलेल्या मालावर भारतात विकताना आयातदाराचं नाव-पत्ता आणि सगळे कर धरून एमआरपी असावी लागते. ते नसेल तर माल दुसऱ्या वाटेने आलेला असतो, पेन खरा असेलही कदाचित, पण उद्या काही झालं तर इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करायची शक्यता जास्त. एका दुकानात मला "शिक्का काय, बिल आहे ना" असं ऐकवलं होतं, तिथेच उभं राहून मारून घेतला. कोरं वॉरंटी कार्ड म्हणजे शोभेची वस्तू.

२. निबचं माप, इथेच निम्मे लोक घसरतात

फाइन, मीडियम, ब्रॉड ही मापं सगळ्या कंपन्यांची सारखी नसतात. जपानी कंपन्या (पायलट, सेलर, प्लॅटिनम) साधारण एक पायरी बारीक असतात, म्हणजे जपानी मीडियम हा जवळपास जर्मन फाइनसारखा लिहितो. पेलिकन आणि मॉन्टब्लाँकचा मीडियम चांगलाच जाड आणि ओला असतो, म्हणजे शाई जास्त सोडतो. युट्यूबवरचे रिव्ह्यू बघून ठरवू नका कारण ते रोमन लिपीत लिहितात आणि तिथे मीडियम झकास दिसतो.

आपली देवनागरी वेगळी आहे. वर शिरोरेघ, डोक्यावर मात्रा-वेलांट्या-अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. जाड निबने 'ज्ञ', 'क्ष', 'द्ध', 'ष्ण' लिहून बघा, आतली पोकळी बुजते आणि 'घ' आणि 'ध' सारखेच दिसायला लागतात. शाळेच्या वहीच्या रेघांमध्ये मराठी लिहिणाऱ्याने जपानी फाइन किंवा मीडियम, युरोपियन घ्यायचा तर एक्स्ट्रा फाइन किंवा फाइन, इथून सुरुवात करावी असं माझं मत. ज्यांना सरकारी फॉर्मातले ते इवलेसे चौकोन भरायचे असतात त्यांनी तर ब्रॉडकडे बघूही नये. नुसत्या सह्या करायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तिथे ब्रॉडची मजा औरच.

स्टब निबचा, म्हणजे टोक सपाट कापलेल्या निबचा, मोह बऱ्याच जणांना होतो. ती उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक काढते, म्हणजे काना ठसठशीत आणि शिरोरेघ एकदम किडकिडीत. काहींना आवडतं, पण आधी स्वतःचं नाव लिहून बघा मग पैसे द्या.

आता कॅरेट. निबवर ५८५ लिहिलेलं असतं म्हणजे १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८. सेलरच्या काही पेनांना २१ कॅरेटची निब येते. जास्त कॅरेट म्हणजे जास्त चांगली निब हे सोन्याच्या दुकानातलं गणित आहे, इथे लागू होत नाही. कागदाला टेकतं ते टोक सोन्याचं नसतंच, त्यावर वेगळ्या कठीण मिश्रधातूचा बारीक मणी वितळवून बसवलेला असतो आणि तो स्टीलच्या निबलाही असतो. सोनं वापरायला लागले ते मुख्यतः जुन्या आम्लधर्मी शाईने गंजू नये म्हणून. मऊपणा हा निबच्या आकारावर आणि जाडीवर ठरतो. त्यामुळे "सोन्याची आहे म्हणजे आपोआप गुळगुळीत" ही अपेक्षा घरीच ठेवून जा, खूप मनस्ताप वाचेल.

३. दुकानात

आधी भिंग. निब समोरून बघायची: दोन्ही पाकळ्या, म्हणजे मधल्या चिरेने झालेले निबचे दोन भाग, एका पातळीत आहेत का, एक वर एक खाली असेल तर ती कागदाला खरखरणारच. मग वरून बघायची: मधली चीर टोकाकडे हळूहळू निमुळती होत गेलीय का, मण्याचे दोन भाग सारखे आहेत का. मग खालून: फीड, म्हणजे निबखालची काळी जीभ, बरोबर मधोमध आहे का. दुकानदार जरा विचित्र बघेल, बघू दे. तोंड वाकडं करणाऱ्यापेक्षा "हे घ्या भिंग, आमच्याकडे आहे" म्हणणारा सापडला तर खरेदी तिथेच करा.

मग लिहून बघणं. शाईत बुडवून लिहू देतात का ते विचारा, बरेच जण देतात, किंवा टेस्टिंगचा वेगळा पेन असतो. बुडवून लिहिल्यावर पेन नेहमीपेक्षा ओला चालतो हे लक्षात असू द्या, त्यावरून शाईचा प्रवाह कळत नाही, कळतो तो फक्त निबचा स्पर्श आणि वजन. टोपण मागे लावून आणि न लावता दोन्ही प्रकारे चार ओळी लिहा. मॉन्टब्लाँकचा १४९ हातात घेतल्यावर भारी वाटतो पण लहान हाताला तो अंगावर येतो, त्याच घराण्यातला १४६ बऱ्याच जणांना जास्त बसतो. लॅमी २००० ची तऱ्हा आणखी वेगळी, निब जवळजवळ सगळी झाकलेली आणि ती एका ठराविक कोनातच खूश असते, पेन थोडा फिरवला की अडते. १९६६ पासून तोच आकार चालू आहे, लोक त्याच्या प्रेमात आहेत, पण पेन बोटांत गोल फिरवायची सवय असेल तर तुमचं जमणार नाही.

ऑनलाइन घेत असाल तर पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा, आणि मॉन्टब्लाँक अर्ध्या किमतीत दिसला तर तो मॉन्टब्लाँक नाहीये. सिरीयल नंबर आहे म्हणून खरा असं काही नसतं, नकलेवरही नंबर छापतात.

४. घरी आल्यावर आधी धुवा

नवीन पेनमध्ये कारखान्यातलं तेल किंवा टेस्टिंगच्या शाईचे अंश राहिलेले असू शकतात आणि तेलकट फीडमधून शाई नीट उतरत नाही. वाटीभर साधं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब, दोन-तीनदा भरा-काढा, मग नुसत्या पाण्याने साबण जाईपर्यंत. निब खाली करून रुमालावर टेकवून ठेवा, बाकीचं पाणी कापड ओढून घेतं.

गरम पाणी नको, स्पिरीट-सॅनिटायझर तर अजिबातच नको, काही प्लास्टिकं त्याने खराब होतात. घोडबंदरला किंवा जिथे टँकरचं, बोअरचं पाणी येतं तिथे फिल्टरचं पाणी वापरा, जड पाण्याचे क्षार फीडच्या बारीक खाचांत बसतात.

५. पहिली शाई: साधी आणि निळी

पहिल्या महिन्यात एकच शाई. हा नियम मोडला की पुढचं सगळं निदान चुकतं, कारण मग पेन कोरडा आहे का शाई कोरडी आहे हे कळायला मार्ग राहत नाही. पेनच्या कंपनीचीच साधी शाई घ्या, किंवा वॉटरमनची सेरेनिटी ब्लू, पार्करची क्विंक, पेलिकन ४००१ ची रॉयल ब्लू. यातली पेलिकन जरा कोरडी असते, जास्त ओल्या पेनला ती बरी पडते.

आपली कॅमल चालेल का असं हमखास विचारतात. कॅम्लिन १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईपासूनच सुरू केलेली कंपनी, आपल्या कित्येकांचं पहिलं अक्षर त्याच निळ्या शाईतलं. फाउंटन पेनसाठीची साधी निळी असेल तर चालते, फक्त बाटली बघून घ्या, कारण त्यांचीच ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाईही मिळते आणि ती पेनमध्ये गेली की सुकून कडक होते, पेन चोंदलाच म्हणून समजा. कुठल्याही कंपनीची ड्रॉइंग इंक, इंडिया इंक यांना हात लावायचा नाही. चमकीवाल्या, पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) आणि आयर्न गॉल (लोहाच्या क्षारांच्या) शाया वाईट नसतात पण त्या नियमित धुणाऱ्यांसाठी आहेत, नंतर बघू.

एक सूचना, धुतली की जाणारी निळी शाई चेकवर वापरू नका. चेक आणि करारासाठी पाण्याने न उडणारी शाई वेगळ्या स्वस्त पेनमध्ये भरून ठेवा.

६. भरायची पद्धत, आणि ८२३ ची ती गंमत

कन्व्हर्टरवाले (शाईची छोटी नळी काढता-घालता येते ते) आणि पिस्टनवाले (मागचं टोक फिरवून पेनच्या पोटातच शाई ओढतात ते) पेन सोपे आहेत, निब पूर्ण बुडेपर्यंत शाईत घाला, फिरवा, वर ओढा, दोन थेंब परत बाटलीत सोडा, निब पुसा.

व्हॅक्यूमवाला ८२३ मात्र पहिल्यांदा हातात आला की भलेभले गोंधळतात. मागची घुंडी उलटी फिरवून सोडवायची आणि दांडा पूर्ण बाहेर ओढायचा. मग निब अख्खी शाईत, आणि दांडा एका दमात खाली दाबायचा. खाली जाताना आतला वॉशर मागे पोकळी तयार करत जातो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात नळी रुंद होते तिथे ती पोकळी एकदम सुटते आणि शाई भस्सकन आत शिरते, पारदर्शक पेनमध्ये हे दिसतं आणि पहिल्यांदा बघताना माणूस खरोखर हसतो. दांडा खाली गेला की लगेच पेन बाहेर काढू नका, पाच-सहा सेकंद तसाच धरा. अर्ध्यातच भरला तर समजायचं निब पूर्ण बुडली नव्हती किंवा घाई केली.

आता खरा सापळा. घुंडी घट्ट लावली की आतली झडप टाकीतली शाई फीडपर्यंत जाऊ देत नाही. ही सोय प्रवासासाठी आहे, विमानात हवेचा दाब बदलला तरी शाई बाहेर येऊ नये म्हणून. पण घुंडी घट्ट ठेवूनच लिहायला बसलात तर फीडमध्ये जेवढी शाई आहे तेवढी संपते, पान-दीड पान झालं की रेघ फिकट होत जाते आणि पेन बंद. मग लोक म्हणतात पेन डिफेक्टिव्ह. लांबलचक लिहायचं असेल तर घुंडी दोन-तीन मिलिमीटर सैल करायची, लिहून झालं की परत घट्ट. बास, एवढंच आहे. या कारणाने पेन परत करायला निघालेले लोक मी पाहिलेत.

या पेनची खोड सांगायची तर धुणं कंटाळवाणं आहे, नळीतली शेवटची निळाई जाता जात नाही. दर आठवड्याला रंग बदलायची हौस असेल तर कन्व्हर्टरवाला घ्या.

७. पहिली दोन पानं

लोक पहिल्या पानावर "श्री" लिहितात, छानच आहे, 'श्री' मध्ये वळण, तिरपी आणि उभी सगळ्या रेघा येतात. पुढे मात्र नुसत्या सह्या आणि गोल गोल जिलब्या काढत बसू नका. एक अख्खा परिच्छेद लिहा, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वहीत. त्यात जोडाक्षरं येऊ द्या. मग घाईने एक ओळ. मग पेन टोपण न लावता दोन मिनिटं ठेवून परत सुरू करा, पहिलं अक्षर उमटतं का बघा.

दाब शून्य. बॉलपेनला दाबावं लागतं कारण गोळी फिरवायची असते, इथे शाई कागदाने आपणहून ओढली जाते, निब नुसती टेकवायची. चाचणी म्हणून पेन फक्त अंगठा आणि एका बोटात सैल धरून, अंगठ्याच्या बेचक्यात टेकवून एक ओळ ओढा. तरीही स्वच्छ रेघ आली तर पेन ठीक आहे, दोष असेल तर आता हाताचा. दाबून लिहिलं की पाकळ्या फाकतात, रेघ जाड होते, आणि रोज दाबलं तर कधीतरी कायमच्या फाकतात.

हेच दुसऱ्या कागदावर करा. फोटोकॉपीच्या कागदावर शाई केसासारखी पसरली आणि चांगल्या वहीत नाही, तर दोष कागदाचा. पंचवीस हजाराच्या पेनसाठी चाळीस रुपयांची वही वापरू नका, एवढंच म्हणेन.

८. अडतोय, खरखरतोय, सांडतोय

प्रत्येक शब्दाची पहिली रेघ उमटत नाही, दाबलं की उमटते: मण्याच्या आतल्या कडा जास्त घासल्या गेल्यात, शाई चिरेत आहे पण कागदाला टेकतच नाही. हा कारखान्यातला दोष, तुमचा नाही, सर्व्हिसला द्या. पण त्याआधी एकदा परत साबणाने धुवून आणि दुसऱ्या कागदावर बघून घ्या, हाताचा घाम लागलेल्या कागदावरही अगदी असंच होतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवायची सवय लावा.

फक्त एकाच दिशेला खरखर: पाकळ्या वर-खाली आहेत, भिंगाने दिसेल. सगळ्या दिशांना सारखी हलकी कुरकुर: जपानी बारीक निब अशीच असते, प्लॅटिनम आणि सेलरची तर खास. काहींना ती कुरकुर आवडते, मलाही, पेन कुठे चाललाय ते बोटांना कळतं.

लिहिता लिहिता फिकट होत जातो: ८२३ असेल तर घुंडी बघा. बाकी पेनांत कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला शाई चिकटून बसते, टिचकी मारा.

थेंब पडतोय: टाकीत शाई थोडीच उरली की वरची हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई ढकलते. शाई भरा. भरलेला असूनही पडत असेल तर मग दुकान गाठा.

युट्यूब बघून सँडपेपर, ब्लेड, नखाने पाकळ्या फाकवणं हे प्रकार सोन्याच्या निबवर करायचे नाहीत. वॉरंटी तर जाईलच, निबही जाईल, आणि नुसती निब बदलायची किंमत ऐकली की घाम फुटतो.

९. आपली हवा, आपली लोकल

जून ते सप्टेंबर कागद दमट असतो आणि तीच वही, तोच पेन जास्त पसरायला लागतो. वह्या कपाटात बंद ठेवा. याच्या उलट वागळे इस्टेट नाहीतर ऐरोलीच्या एसी ऑफिसात टोपण उघडं राहिलं की निब पटकन सुकते. घरी मस्त आणि ऑफिसात अडतो अशी तक्रार असेल तर कारण हे. पावसाळ्यात शाईच्या बाटलीत पांढरा तंतू किंवा तवंग दिसला तर ती बुरशी आहे, बाटली फेकून द्या, गाळून वापरू नका.

लोकलमध्ये पेन निब वर करून, शर्टाच्या बाहेरच्या खिशात नाही, बॅगेतल्या आतल्या कप्प्यात. दसऱ्याला पेनची पूजा करत असाल तर हळद-कुंकू टोपणावर, निबच्या चिरेत ती पूड गेली की पुढचा आठवडा धुण्यात.

आणि "जरा पेन दे रे" म्हणणाऱ्यासाठी एक दहा रुपयांचा बॉलपेन खिशात ठेवा.

१०. सर्व्हिसला पाठवताना

महिनाभर एकाच शाईवर, बऱ्या कागदावर, न दाबता लिहूनही तीच तक्रार राहिली तरच पाठवा. शाई काढा, धुवा, रात्रभर वाळवा. पेन, बिलाची आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स (मूळ प्रत स्वतःकडे, मागितली तर दाखवायला) द्या, पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, पावतीवर निबचं माप आणि "ओरखडे नाहीत" असं लिहून घ्या. नुसतं "नीट चालत नाही" असं सांगितलं तर ते स्वतःच्या कागदावर स्वतःच्या हाताने चार रेघा ओढून "चालतोय की" म्हणून परत पाठवतात. त्यामुळे ज्या पानावर अडतो ते तुमच्या हातचं पान बरोबर द्या, जिथे जिथे रेघ सुटलीय तिथे लाल पेनने गोल करून.